दुसऱ्या हाताची पट्टी

१

रिंगमध्ये मी आयुष्यात एकदाही हरलो नाही. पलटणीत कुणालाही विचारा. उभ्या सैन्यात असं छातीठोक सांगणारा दुसरा माणूस मिळायचा नाही. आता खरं सांगायचं तर मी एकदाही लढलो नाही, म्हणून हरलो नाही. माझं काम बादलीचं. कोपऱ्यात बादली, टॉवेल आणि स्टूल घेऊन उभं राहायचं. घंटा झाली की दोरांमधून स्टूल आत सरकवायचं, लढणाऱ्याला बसवायचं, तोंडात पाणी घालायचं, त्याच पाण्याची चूळ बादलीत झेलायची, आणि तो कितीही मार खात असला तरी कानात सांगायचं, की गड्या, तूच जिंकतोयस. या कामाला सेकंड म्हणतात. माझी अर्धी पलटण मला नुसतं बादल्या म्हणायची, आणि उरलेली अर्धी त्याहून वाईट.

ज्याची बादली मी धरली तो काडी. वजन इतकं कमी, की वाऱ्याच्या दिवशी परेडला त्याच्या खिशात दगड घालून उभा करतात अशी आवई मी उठवली होती. एका नव्या लेफ्टनंटने खरंच त्याचे खिसे तपासले. काडी भरती झाला ट्रकचा ड्रायव्हर म्हणून. जेवणाच्या रांगेत एका धिप्पाड गड्याने त्याला बाजूला ढकललं आणि पुढच्या क्षणी तो गडी डाळीच्या पातेल्याशेजारी आडवा होता. ठोसा कुणाला दिसलाच नाही. कर्नलसाहेबांनी काडीला कोठडीत टाकण्याऐवजी रिंगमध्ये टाकलं. तिथून पुढे वर्षानुवर्षं त्याच्या वजनात त्याला हात लावणारा सैन्यात कुणी नव्हता. चालायचा मांजरासारखा, मारायचा डाव्या हाताने, आणि मारताना नाकातून बारीक फुस्स करायचा, कुणी सायकलची हवा सोडावी तसं.

लढतीआधी त्याच्या हातांना पट्ट्या बांधायचं काम माझं. आमच्यात एक नियम होता. एक हात बांधला, की दुसरा बांधून होईपर्यंत सेकंडने जागा सोडायची नाही. एकाच हाताला पट्टी असलेला माणूस धड लढायच्या कामाचा नसतो, धड पाणी प्यायच्याही नाही. तो अधांतरी लटकतो. एकदा फायनलच्या आधी प्रत्यक्ष कर्नलसाहेब हात मिळवायला आले, तेव्हा मी मान वर न करता म्हणालो, "थांबा." साहेब थांबले. नंतर आठवडाभर मी भांडी घासत होतो ते सोडा, पण थांबले.

आणि दुसरा नियम असा, की बांधताना फक्त हात बघायचे. तोंड बघायचं नाही. त्याच्या तोंडावर भीती असली तर ती आपल्याला लागते, आणि आपल्याकडून परत त्याला, व्याजासकट.

२

काडी गेला त्या हिवाळ्यानंतर मी दर रविवारी दुपारी त्याच्या घरी, वहिनींकडे जायला लागलो. कारण त्याने जिंकलेले कप पुसायचं, खरं कारण घरी कुणी बोलायला नाही. वहिनींना ते माहीत होतं. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, फक्त चहा दोन कप जास्त टाकायच्या.

बाहेरची खोली, त्यापुढे स्वयंपाकघर, आणि उजव्या हाताला त्याची खोली. लाकडी फळ्यांच्या जमिनीची, पश्चिमेला एकच खिडकी. भिंतीवर तीन फळ्या, त्यांवर कप आणि ढाली. खिळ्याला ग्लोव्हज, एकमेकांत गाठ मारून. दाराआड पलटणीचं चिन्ह शिवलेला अंगरखा. दातात धरायचं रबर साबणाच्या डबीत. एका काचेच्या कुपीत दाढ. ती सैन्याच्या जुन्या चॅम्पियनची, काडीने एका ठोशात पाडलेली, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला इतकी वर्षं सांगत आलो, की आता ती माझी स्वतःची किडकी दाढ आहे हे सांगितलं तरी कुणी मानत नाही. कोपऱ्यात आमची बादली, तिच्यावर पालथं घातलेलं स्टूल. आणि पत्र्याच्या डब्यात दोन पट्ट्या, गुंडाळून ठेवलेल्या.

त्या पट्ट्या मीच गुंडाळायचो. शेवटच्या वर्षी काडीचे हात थरथरायला लागले होते. डोक्यावर खाल्लेले ठोसे उशिरा वसूल होतात, म्हणाले डॉक्टर. चहाचा कप त्याला तोंडापर्यंत नेता यायचा नाही. डोकंही जाग्यावर राहीना. दुपार झाली की स्टुलावर बसून म्हणायचा, लढत आहे, हात बांध. मी बांधायचो. पट्टी बसली की हात दगडासारखे स्थिर. मग तो गप बसून घंटेची वाट बघायचा, बघता बघता झोपायचा. उठला की विसरलेला असायचा. रोजचं होतं ते.

तर त्या रविवारी मी सवयीने डबा उघडला. पट्ट्या होत्या तशा गुंडाळलेल्या. हातात घेतल्या तर ओलसर.

वास घेतला. धुतल्याचा नव्हता. मालिशच्या तेलाचा आणि घामाचा होता, नवा. उलगडून बघितलं, तर पट्टी सगळीकडे ओली नव्हती. तळव्यावर येते तेवढीच.

वहिनींना विचारलं, तर त्या चहा गाळता गाळता म्हणाल्या, की भावजी, वय काय, खेळ काय. त्यांना वाटलं मीच भिजवली. मला वाटलं त्यांनी. दोघं एकमेकांकडे बघून हसलो, आणि दोघांनाही वाटलं की समोरचा पक्का आहे.

३

पुढच्या रविवारी पुन्हा ओल्या. त्याच्या पुढच्या रविवारी ओल्या होत्याच, शिवाय स्टूल बादलीवर नव्हतं. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरळ उभं होतं, बसणाऱ्याचं तोंड खिडकीकडे होईल असं. रिंगमध्ये ठेवतात तसं, दोन्ही भिंतींपासून वीतभर सुटं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यातलं बरंचसं बाकावर उभं राहून. पण उभं राहिलं की विचार चांगला होतो. मी विचार केला: भिंतीला ओल असणार, पत्र्याच्या डब्याला घाम येतो, स्टूल मोलकरणीने हलवलं. मग आठवलं, वहिनींकडे मोलकरीण नाही.

त्यांची मुलगी आली ती याच सुमाराला. लहानपणी चिमणीएवढी होती म्हणून तिचं नाव चिमणी. आता ती एका मोठ्या दवाखान्यात मुख्य नर्स आहे, तिच्या चपलांचा आवाज आला की अख्खा वॉर्ड गादीवर सरळ होतो. तिने मला अंगणात गाठलं आणि सरळ मुद्द्यावर आली.

मुद्दा मला माहीतच होता. थंडीत वहिनी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि शेजारीण साखर मागायला येईपर्यंत गार फरशीवर पडून होत्या. कंबर वाचली ते नशीब. पुन्हा पडल्या तर शेजारीण साखर मागायला येईलच असं नाही. चिमणीने त्यांच्यासाठी आपल्या घरात खोली तयार ठेवली होती. काडीच्या वस्तू पलटणीच्या संग्रहालयात जायच्या ठरल्या होत्या, काचेचं कपाट, खाली नाव, सगळं. वहिनींनी आधी हो म्हटलं होतं. आता त्या नाही म्हणत होत्या, आणि कारण विचारलं की एकच सांगायच्या: त्यांचं अजून आटोपलेलं नाही.

"काका, हे थांबवा," चिमणी म्हणाली.

मी म्हटलं, काय थांबवू?

"पट्ट्या भिजवणं. स्टूल हलवणं. तुम्ही मला लहानपणी सांगितलं होतंत की बाबांच्या कपातून पाणी प्यायलं की मिशा येतात. मी वर्षभर आरशात बघत होते."

मी शपथ घेतली. तिने हात जोडले.

"तुमच्या शपथेवर मी एकदा सुट्टी समजून घरी बसले होते. शाळेत त्या दिवशी परीक्षा होती."

मग तिचा आवाज उतरला. म्हणाली, तुम्हाला ही खोली सुटत नाही, कळतं मला. तुम्ही आईला एवढंच सांगा, की हे सगळं मी केलं. ती चिडेल, रडेल आणि गाडीत बसेल. नाहीतर एक दिवस मी येईन आणि ती मला त्या फरशीवर सापडेल.

माझी पंचाईत अशी झाली, की आयुष्यभर केलेल्या मस्कऱ्या मी नाकारल्या आणि सगळ्यांनी ओळखल्या. आता एक न केलेली अंगावर घ्यायची होती, आणि तीच काय ती सगळ्यांना खरी वाटणार होती. मी फुशारकीत म्हणालो, की चोर मी पकडून दाखवतो, मग बोलू.

४

पट्ट्या कोरड्या करून डब्यात घातल्या, डब्याच्या कडीला माझ्या सायकलचं कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली. आंघोळीलाही काढली नाही, म्हणजे आठवडाभर आंघोळ केली नाही असं समजा हवं तर. पुढच्या रविवारी कुलूप जसंच्या तसं. उघडलं. वरची पट्टी मनगटाला लावून बघितली.

ओली तर होतीच. कोमटही होती.

मी डबा बंद केला आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. वहिनी चहा घेऊन आल्या. दुपार टळत होती, ऊन त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. आम्ही गप्पा मारत होतो, म्हणजे मी मारत होतो. कर्नलसाहेबांच्या बुटात मी पाव कोंबला होता तो किस्सा. अर्ध्यात असताना आत किणकिण सुरू झाली.

फळीवरचे कप. एकमेकांना लागून, अगदी बारीक, न थांबता. दातांवर दात वाजावेत तशी.

मी म्हणालो, रस्त्यावरून ट्रक गेला. वहिनी म्हणाल्या, रस्ता खणून ठेवलाय, परवापासून सायकलही जात नाही. हे खरं होतं. मी स्वतः सायकल खांद्यावर घेऊन आलो होतो.

"ट्रक नाही हो," त्या म्हणाल्या. "हात आहेत त्यांचे."

घाबरलेल्या नव्हत्या. पाहुण्याला सांगावं, की आतले जरा पडलेत, तशा सांगत होत्या. या वेळेला बसतात म्हणाल्या. फळीला हात टेकतो ना, मग वाजतात कप. आधी वाटलं, मला म्हातारीला भास होतात. पण मग फुस्स ऐकलं एकदा, आणि तो आवाज, भावजी, मी चाळीस वर्षं उशाशी ऐकलाय, झोपेतही लढायचे.

मी म्हटलं, वहिनी, तुम्ही एकट्या राहता, असं होतं.

त्या पदराने कपाची कड पुसत म्हणाल्या, की मी बांधून बघितली पट्टी. उलगडून, तिथे बसून. मला नाही येत. अंगठ्यात अडकवते आणि पुढे कुठे न्यायची ते सुचत नाही. सैल पडते, गळून जाते, हात तसेच थरथरत राहतात. इतक्या वर्षांत तुम्ही बांधताना मी बघायला हवं होतं, नाही बघितलं, चहात होते.

मग त्या म्हणाल्या, "थरथरत्या हातांचा माणूस सोडून मी मुलीकडे जाऊन गादीवर कशी झोपू, सांगा."

आतली किणकिण थांबली. ऊन उंबऱ्यावरून सरकलं होतं. मी पाव कोंबल्याचा किस्सा पुरा केला, पण हसायचं कुठे ते दोघांनाही आठवलं नाही.

५

चिमणीने शेवटी तारीख ठरवून टाकली. सोमवारी सकाळी पलटणीची गाडी येणार, खणलेल्या रस्त्याच्या अलीकडे थांबणार. रविवारी दुपारी मी खोलीतलं सामान बांधायला घेतलं. चिमणी आणि वहिनी ओसरीवर ट्रंकेशी हुज्जत घालत होत्या: वहिनी आत घातलेले कपडे बाहेर काढत होत्या आणि चिमणी बाहेर काढलेले आत घालत होती.

ग्लोव्हज पोत्यात घातले. अंगरखा घडी करून ठेवला. रबराची डबी, दाढ. पट्ट्यांचा डबा उघडून जमिनीवर ठेवला. शेवटचा कप राहिला, सगळ्यात मोठा, सैन्याच्या चॅम्पियनशिपचा, पोट सुटलेल्या ठाणेदारासारखा. खिडकीकडे तोंड करून मी तो मांडीवर घेतला आणि फडक्याचा शेवटचा हात मारू लागलो.

अशा कपाच्या पोटात सगळी खोली दिसते. वाकडी दिसते, पण दिसते. मध्ये माझं नाक, वांग्याएवढं. मी त्याला जीभ दाखवली. नाकाच्या मागे खिडकी नव्हती, ती माझ्या पुढे होती. मागे दार, दाराशेजारी कोपरा, कोपऱ्यात स्टूल.

स्टुलावर दोन हात होते.

म्हणजे हातांमागे काहीतरी होतं, पण कपाच्या कडेला गेल्यावर ते ताणून बारीक झालं होतं, काडीसारखं. हात मात्र नीट दिसत होते. गुडघ्यांवरून पुढे काढलेले, तळवे खाली, बोटं फाकलेली. थरथरत होते. पोत्यातले कप वाजत नव्हते, फक्त माझ्या मांडीवरचा हा एक, माझ्या पँटच्या बटणावर, टकटकटक.

मी म्हटलं, नजर अधू झाली. मी म्हटलं, ऊन चकाकतं. मी म्हटलं, म्हाताऱ्या, हा तुझाच हात थरथरतोय. हात बघितला तर खरंच थरथरत होता, आणि मला इतकं बरं वाटलं की मी हसलो. पण माझे हात दोनच. कपात चार होते.

पुढचं नीट सांगता येणार नाही. मी सांगायला कचरत नाही, तोंड बंद ठेवणं मला जन्मात जमलं नाही. पण पुढचं डोक्याने केलंच नाही. चाळीस वर्षांची सवय होती ती. समोर दोन हात पुढे आले की सेकंडने गुडघ्यावर बसायचं आणि पट्टी घ्यायची. मी कप खाली ठेवला, वळलो, मान खाली, नजर जमिनीवर. फळ्यांवर स्टुलाचे पाय दिसले. मी वर बघितलं नाही. पट्टीची कडी अंगठ्यात अडकवली, मनगटावर वेढे दिले, तळव्यावरून नेली, बोटांच्या मुळांवरून आडवी. डावखुऱ्याचा डावा आधी. करंगळी वाकडी लागली. ती फायनलमध्ये मोडली होती आणि वाकडीच सांधली होती, माझ्यादेखत. तिच्यावर पट्टी नेहमी थोडी सैल घ्यायची. घेतली. शेवटचं टोक मनगटात खोवलं आणि थरथर थांबली.

ऊब होती. एवढंच सांगतो.

दुसरी पट्टी मी उचलली, कडी शोधली, आणि त्याच क्षणी ओसरीवरून चिमणीने हाक मारली, "काका!" त्या आवाजाने वॉर्ड उठून बसतो. मी तर उठून पळालो.

६

ओसरीवर ऊन इतकं चांगलं होतं, की मला स्वतःची लाज वाटली. चिमणी ट्रंकेवर बसली होती, झाकण बसावं म्हणून. वहिनी खांबाला टेकून उभ्या, चेहरा फरशीसारखा.

"आई म्हणतेय ती येणार नाही," चिमणी म्हणाली. दिवसभर दटावत असलेली ती बाई आता रडायला आली होती. "सांगा तिला. काय ते सांगा."

मी वहिनींकडे बघितलं. त्यांची कंबर बघितली, एका बाजूला कललेली. न्हाणीघरातली फरशी आठवली. मघाशी हाताला लागलेली ऊब तळव्यावर अजून होती, ती मी पँटला पुसली. आणि ठरवलं. मस्करी करणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी उपयोगी पडावं.

मी छान सांगितलं. चांगलं खोटं बोलायची मला सवय आहे, बारकावे घालतो मी. म्हणालो, वहिनी, पट्ट्या मी भिजवायचो, येताना कोपऱ्यावरच्या नळावर, मालिशच्या तेलाचे दोन थेंब टाकून. कुलपाची दुसरी किल्ली माझ्याकडे होती. स्टूल मी हलवायचो, तुम्ही चहात असताना. कपांना मी काळा दोरा बांधला होता, त्याचं टोक माझ्या बुटाला, पाय हलवला की किणकिण. फुस्सही मीच, नाकाने. करमत नव्हतं म्हणून केलं. तुम्ही गेल्यावर मी कुणाकडे जाणार, म्हणून केलं. आत कुणी नाही, वहिनी. काडी आपली लढत आटोपून गेला. तुम्ही जा आता.

शेवटचं वाक्य बोलताना माझा आवाज फाटला. चिमणीला तो पश्चात्ताप वाटला असावा. तिने उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. ट्रंकेचं झाकण उघडलं.

वहिनी रडल्या नाहीत. चिडल्याही नाहीत. त्यांनी माझ्या उजव्या मुठीकडे बघितलं. तेव्हा मला कळलं, की दुसरी पट्टी अजून तिच्यात आहे. मी मूठ पाठीमागे नेली, पोरासारखी.

मग त्या सावकाश, भिंतीला धरत आत गेल्या. बाहेरच्या खोलीतून त्या दारापर्यंत. उंबऱ्याशी थांबल्या, आत बघितलं. बराच वेळ बघितलं. पदर सारखा केला, घरात वडीलधारं कुणी बसलेलं असलं की करतात तसा. कप वाजत नव्हते. चिमणी म्हणाली, आई, चल, काकांनी सांगितलं ना सगळं.

वहिनी दारातच वळल्या. आवाज नेहमीचा, चहात साखर किती विचारतात तो.

"बरं, सगळं तुम्हीच केलंत, भावजी. मग एकच हात बांधून उठलात कसे? दुसरा पुढे करून बसलेत ते मघापासून."